युरोपात सीमा ओलांडून उपचार घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड या देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक शंका निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा निघते: विम्याचा हप्ता आपण एका देशात भरतो, मग उपचार शेजारच्या देशात घेतले तर ते पैसे कोण देणार? युरोपीय संघात या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी उदार आहे. मात्र रुग्णांना येणारा अनुभव त्या उत्तरावर कमी आणि तीन साध्या गोष्टींवर अधिक ठरतो: पैसे आधी कोणी भरायचे, परवानगी कोणी द्यायची आणि घरी परतल्यावर पुढे कोणी पाहायचे. पुढील प्रश्नोत्तरे याच तीन गोष्टींभोवती फिरतात.

प्रवासात अचानक आजारी पडलो, तर तेही सीमापार उपचारांतच मोडते का?

मोडते, पण त्याचे नियम वेगळे आहेत. सुट्टीसाठी गेलेल्या माणसाला तिथे ताप आला, पाय मोडला किंवा जुना दमा बळावला, तर २००४ पासून सुरू झालेले युरोपीय आरोग्य विमा कार्ड उपयोगी पडते. त्या देशातील सार्वजनिक यंत्रणेत स्थानिक विमाधारकाला ज्या दराने सेवा मिळते, त्याच दराने ती पाहुण्यालाही मिळते. जर्मनीत हे कार्ड वेगळे मागवावे लागत नाही, कारण सरकारी विमाधारकाच्या आरोग्य कार्डाच्या मागील बाजूसच ते छापलेले असते. खासगी रुग्णालय, डोंगरातून हेलिकॉप्टरने केलेली सुटका किंवा रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च या कार्डात बसत नाही. मुद्दाम उपचारांसाठीच प्रवास केला असेल, तर हे कार्ड चालत नाही. डायलिसिस, केमोथेरपी किंवा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाने मात्र सुट्टीवर निघण्यापूर्वीच तिथल्या केंद्राशी बोलून वेळ ठरवून घ्यावी लागते. नुसते कार्ड दाखवून डायलिसिसचे यंत्र रिकामे मिळेल, असे गृहीत धरू नये.

आमचा पासपोर्ट भारतीय आहे. हे हक्क आम्हाला मिळतात का?

बहुतेक ठिकाणी मिळतात, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. २०१० च्या एका नियमावलीने सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाचे नियम युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगर-युरोपीय नागरिकांनाही लागू केले. त्यामुळे म्युनिकमध्ये सरकारी विम्यात असलेला पुण्याचा अभियंता व्हिएन्नात किंवा ॲमस्टरडॅममध्ये जर्मन सहकाऱ्याइतक्याच हक्काने कार्ड वापरू शकतो.

अपवाद मात्र नीट लक्षात ठेवावेत. डेन्मार्क या नियमावलीच्या बाहेर राहिला आहे आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन व स्वित्झर्लंड येथेही भारतीय नागरिकाला, सर्वसाधारणपणे, हे कार्ड वापरता येत नाही. जर्मनीतील मराठी मंडळी स्वित्झर्लंडच्या सहलीला वरचेवर जात असल्याने हा अपवाद केवळ पुस्तकी नाही. तिथे जाताना वेगळा प्रवास विमा घ्यावाच. दुसरी गोष्ट, जर्मनीत चांगला पगार मिळू लागला की अनेक जण खासगी विम्याकडे वळतात. अशा विमाधारकाकडे हे युरोपीय कार्ड नसते आणि त्याचे परदेशातील हक्क पूर्णपणे त्याच्या पॉलिसीच्या मजकुरावर अवलंबून असतात. विमा बदलताना दंतोपचार आणि खासगी खोली यांची चौकशी सगळे करतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ठरवून उपचार घ्यायचे असल्यास ‘एस-२’ आणि ‘निर्देश’ असे दोन मार्ग सांगितले जातात. त्यांत फरक काय?

पहिला मार्ग जुना आहे. सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाच्या नियमावलीनुसार विमा संस्था रुग्णाला ‘एस-२’ नावाचे प्रमाणपत्र देते. ते हातात असले की उपचार करणाऱ्या देशात रुग्णाला तिथलाच विमाधारक मानले जाते: तो स्थानिक रुग्णाइतकाच वाटा भरतो आणि उरलेला हिशेब दोन देशांच्या संस्था आपसांत मिटवतात. पैसे आधी उभे करावे लागत नाहीत, हा या मार्गाचा सर्वांत मोठा दिलासा. पण पूर्वपरवानगी अनिवार्य असते आणि उपचार सार्वजनिक यंत्रणेशी जोडलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात.

दुसरा मार्ग ९ मार्च २०११ रोजी संमत झालेल्या सीमापार आरोग्यसेवा निर्देशाचा. सदस्य देशांनी तो २५ ऑक्टोबर २०१३ पर्यंत आपापल्या कायद्यात आणणे अपेक्षित होते. या मार्गाने रुग्ण खासगी डॉक्टरकडेही जाऊ शकतो आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी बहुधा परवानगी लागत नाही. रात्रभर मुक्काम लागणारे किंवा अत्यंत विशेष व महागडी यंत्रसामग्री लागणारे उपचार असतील, तर देशाला पूर्वपरवानगीची अट घालता येते. मात्र येथे सगळे पैसे रुग्णाने आधी भरायचे असतात आणि परतावा मिळतो तो स्वदेशात त्याच उपचाराला जेवढा खर्च मंजूर झाला असता तेवढाच. बेल्जियममध्ये खर्च जास्त आला, तर वरची रक्कम रुग्णाच्या खिशातून जाते. दीर्घकालीन शुश्रूषा, प्रत्यारोपणासाठी अवयवांचे वाटप आणि सार्वजनिक लसीकरण मोहिमा या निर्देशाच्या कक्षेबाहेर आहेत. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च देण्याचे बंधनही त्यात नाही.

थोडक्यात, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ‘एस-२’ आणि तपासणी, चष्मा, दात किंवा लहान शस्त्रक्रिया यांसाठी निर्देश, असा ढोबळ विचार करता येतो.

हे हक्क सरकारांनी आपणहून दिले का?

नाही. ते रुग्णांनी एकेक करून न्यायालयातून मिळवले आणि त्या खटल्यांतील माणसांची कहाणी हीच या विषयातील अनुभवांची सर्वांत विश्वसनीय नोंद आहे.

सुरुवात अगदी किरकोळ वाटाव्या अशा दोन प्रकरणांतून झाली. लक्झेंबर्गमधील कोल नावाच्या गृहस्थांना आपल्या मुलीचे दात सरळ करण्याचे उपचार सीमेपलीकडे, जर्मनीतील ट्रिअर येथील दंतवैद्याकडे करायचे होते. विमा संस्थेने तातडी नसल्याचे सांगून परवानगी नाकारली. त्याच देशातील डेकर यांनी बेल्जियममधील आर्लों येथून चष्मा आणला आणि त्यांना परतावा मिळाला नाही. २८ एप्रिल १९९८ रोजी युरोपीय न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत रुग्णांच्या बाजूने कौल दिला. आरोग्यसेवा ही देशांची अंतर्गत बाब असली, तरी माल आणि सेवांच्या मुक्त संचाराचे नियम तिलाही लागतात, हे यातून प्रस्थापित झाले. एका मुलीचे दात आणि एक चष्मा यांवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

इंग्लंडमधील बेडफर्डच्या इव्होन वॉट्स यांचे दुखणे अधिक गंभीर होते. संधिवाताने दोन्ही खुबे निकामी झालेले, आणि प्रतीक्षायादी सुमारे एक वर्षाची. प्रकृती ढासळल्यावर ती मुदत तीन-चार महिन्यांवर आणली गेली, पण त्यांनी वाट न पाहता मार्च २००३ मध्ये फ्रान्समधील आबेव्हील येथे शस्त्रक्रिया करून घेतली आणि ३,९०० पौंड स्वतः भरले. १६ मे २००६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, केवळ प्रशासनाने आखलेल्या प्रतीक्षायादीकडे बोट दाखवून परवानगी नाकारता येत नाही. त्या विशिष्ट रुग्णाची वेदना, अपंगत्व आणि आजाराची वाटचाल वैद्यकीय निकषांवर तपासूनच वाट पाहण्याचा काळ रास्त आहे की नाही हे ठरवावे लागते. आजही परवानगीचा अर्ज लिहिताना हाच युक्तिवाद कामी येतो.

बल्गेरियातील एल्चिनोव यांना डोळ्याचा कर्करोग होता. देशात उपलब्ध असलेला उपाय म्हणजे डोळा काढून टाकणे. बर्लिनमधील विशेष चिकित्सालयात डोळा वाचवणारे किरणोत्सारी उपचार होते. त्यांनी मार्च २००७ मध्ये अर्ज केला, पण उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता, म्हणून काही दिवसांतच ते बर्लिनला गेले. एप्रिलमध्ये नकार आला. परवानगीअभावी परतावा सरसकट नाकारणारा नियम चालणार नाही, असे न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. त्यानंतर २०१४ मध्ये रोमानियाच्या पेत्रू यांच्या प्रकरणात, रुग्णालयात औषधे आणि मूलभूत वैद्यकीय साहित्यच नसेल, तर तो उपचार ‘उपलब्ध’ मानता येईल का, हा प्रश्न आला. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्या जर्मनीला गेल्या होत्या आणि त्यांना सुमारे १८ हजार युरो खर्च आला होता. औषधांचा व साहित्याचा अभाव हे परवानगीसाठी सबळ कारण ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात देशातील राष्ट्रीय न्यायालयाने तो अभाव संपूर्ण देशातील सक्षम रुग्णालयांच्या पातळीवर तपासायचा असतो, एका इमारतीच्या पातळीवर नव्हे.

पैसे आधी भरणे सामान्य कुटुंबांना कसे जमते?

अनेकांना जमत नाही, आणि या व्यवस्थेवरील सर्वांत रास्त टीका हीच आहे. आयर्लंडचे उदाहरण बोलके आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे इतकी मोठी प्रतीक्षायादी होती की २०१७ च्या अखेरीपासून कॉर्क आणि केरी या दक्षिणेकडील परगण्यांतील लोकप्रतिनिधींनी वृद्धांना बसमधून थेट सीमेपलीकडे, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टला नेण्यास सुरुवात केली. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा तो प्रवास, खासगी रुग्णालयात एका डोळ्याची शस्त्रक्रिया, मुक्काम आणि परतीची बस. ज्यांच्याकडे साठवलेले पैसे नव्हते, त्यांनी पतसंस्थेकडून कर्ज काढून बिल भरले आणि आयर्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून परतावा आल्यावर ते फेडले. पतसंस्था म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण जिथे अशी संस्था नाही, तिथे हक्क असूनही माणूस घरीच बसतो.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२० च्या अखेरीस, निर्देशाचा मार्ग उत्तर आयर्लंडपुरता बंद झाला. आयरिश सरकारने २०२१ पासून तशीच स्वतंत्र योजना चालू केली, म्हणून बस थांबली नाही.

या मार्गांचा वापर एकंदरीत थोडाच आहे. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने, म्हणजे संघाचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, २०१९ च्या अहवालात नोंदवल्याप्रमाणे, वर्षाला सुमारे दोन लाख रुग्णच परदेशी उपचारांसाठी या व्यवस्थेचा लाभ घेत होते आणि आपल्या हक्कांची माहितीही फार थोड्या नागरिकांना होती.

सीमेलगत राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो का?

पुष्कळ वेगळा असतो, कारण त्यांच्यासाठी ‘परदेश’ म्हणजे शेजारचे गाव. पिरेनीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, सेर्दान्या नावाचे पठार आहे. अर्धे स्पेनमध्ये, अर्धे फ्रान्समध्ये. फ्रेंच बाजूच्या लोकांना मोठ्या रुग्णालयासाठी वळणावळणाच्या घाटाने सुमारे शंभर किलोमीटरवरच्या पेर्पिन्यांला जावे लागे आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने अडे. २०१४ मध्ये सीमेवरील पुच्चेर्दा या स्पॅनिश गावात दोन्ही देशांनी युरोपीय निधीच्या मदतीने सामाईक रुग्णालय सुरू केले. तिथे कातालान, स्पॅनिश आणि फ्रेंच या तिन्ही भाषा कानावर पडतात. उपचारांपेक्षा कागदपत्रांनीच तिथे अधिक डोकेदुखी केली: फ्रेंच दांपत्याचे मूल स्पेनच्या भूमीवर जन्मले, तर नोंद कुठे करायची, फ्रेंच रुग्ण दगावला, तर पार्थिव दहा मिनिटांवरच्या घरी नेण्यास आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम का लागावेत? कोकण आणि गोवा यांच्या सीमेवर राहणाऱ्या, बांबोळीच्या रुग्णालयात जाऊन आलेल्या वाचकांना राज्याच्या सीमेवरही कोणते कार्ड चालते हा प्रश्न कसा छळतो, हे माहीत आहे. सेर्दान्यात तर देशाची सीमा आहे.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल परगणा आहे. तिथल्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचारांसाठी गॉलवे किंवा डब्लिन गाठावे लागे, आणि हे उपचार आठवडेच्या आठवडे रोज घ्यावे लागतात. लेटरकेनीहून गॉलवे दोनशेहून अधिक किलोमीटर, तर सीमेपलीकडचे डेरी जेमतेम पस्तीस. डेरीच्या आल्टनागेल्व्हिन रुग्णालयात नोव्हेंबर २०१६ मध्ये किरणोपचार सुरू झाले आणि आयरिश सरकारने त्यात आर्थिक वाटा उचलला. रुग्ण सकाळी उपचार घेऊन दुपारच्या जेवणाला घरी येऊ लागला. उलट दिशेने, उत्तर आयर्लंडमधील हृदयदोष असलेली बालके शस्त्रक्रियेसाठी डब्लिनला जातात. अशा करारांत रुग्णाला ना अर्ज भरावा लागतो ना पैसे उचलून द्यावे लागतात, आणि माझ्या मते सीमापार उपचारांचा आदर्श नमुना हाच आहे.

दातांच्या उपचारांसाठी हंगेरीला जाणे योग्य आहे का?

ऑस्ट्रियाच्या सीमेलगतची मोशोनमाद्यारोवार आणि शोप्रोन ही हंगेरीतील गावे दंतवैद्यांसाठीच प्रसिद्ध आहेत आणि तिथले काम वाईट असते असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीतील सरकारी विमाधारकाने मात्र एक पायरी चुकवू नये: कवळी, कॅप किंवा ब्रिज करण्यापूर्वी उपचार व खर्चाचा आराखडा, ज्याला तिथे ‘हाइल उंट कोस्टनप्लान’ म्हणतात, आपल्या विमा संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. काम झाल्यावर नेलेले बिल नाकारले जाण्याचा संभव फार मोठा. प्रशासकीय खर्चापोटी जास्तीत जास्त ५ टक्के रक्कम परताव्यातून कापली जाऊ शकते. आणि हमीचे काम निघाले, तर पुन्हा तिथेच जावे लागेल, हे तिकिटाच्या हिशेबात आधीच धरावे.

भाषेची अडचण कितपत येते?

रुग्ण परतल्यावर सर्वांत जास्त बोलतात ते याविषयीच. निर्देशाने स्थानिक भाषेव्यतिरिक्त अन्य भाषेत माहिती देण्याची सक्ती केलेली नाही. देशांना तशी मुभा आहे, एवढेच. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर न समजणाऱ्या भाषेत सही करू नये, त्याचे भाषांतर आधी मागवावे. डॉक्टर बहुधा इंग्रजी बोलतात. रात्रपाळीची परिचारिका, जिच्याशी खरा संबंध येतो, ती बोलेलच असे नाही. दुखण्याचे प्रकार सांगणारे शब्द, म्हणजे ठणका, कळ, चमक, आग, बधिरपणा, स्थानिक भाषेत लिहून जवळ ठेवल्यास फार उपयोग होतो, कारण ‘पेन’ या एका शब्दात यांतले काहीच मावत नाही.

रुग्णालयाच्या रीतीही निराळ्या. आपल्याकडे रुग्णाजवळ रात्री एक माणूस असतोच. तिथे भेटीची वेळ संपली की नातेवाइकांनी निघायचे असते. जर्मन रुग्णालयात संध्याकाळचे जेवण म्हणजे बरेचदा पाव, चीज आणि थंड मांसाचे काप. शाकाहारी रुग्णाने भरती होतानाच तसे नोंदवावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री त्या तशा राहत नाहीत.

तपासण्यांचे अहवाल आणि औषधाची चिठ्ठी दुसऱ्या देशात चालते का?

युरोपीय संघातील एका देशाची चिठ्ठी दुसऱ्या देशातील औषधविक्रेत्याने मान्य करावी, असा नियम आहे. तिच्यावर औषधाचे व्यापारी नाव नव्हे, तर मूळ घटकाचे नाव असावे लागते, कारण फ्रान्समधील ‘डोलिप्रान’ आणि जर्मनीतील ‘बेन-यू-रॉन’ ही दोन्ही नावे पॅरासिटामॉलचीच आहेत हे रुग्णाला ठाऊक नसते. अमली पदार्थांच्या यादीतील तीव्र वेदनाशामकांसाठी वेगळे नियम आहेत. भारतातील डॉक्टरांची चिठ्ठी युरोपात चालत नाही. सुट्टीवरून परतताना आणलेल्या औषधांचा साठा संपण्यापूर्वीच स्थानिक डॉक्टरांना भेटावे. फिनलंडची ई-चिठ्ठी २०१९ पासून एस्टोनियातील औषधदुकानांत वाचली जाऊ लागली. २०२५ मध्ये लागू झालेल्या युरोपीय आरोग्य माहिती नियमावलीमुळे ही सोय पुढील काही वर्षांत सर्वत्र पोहोचणे अपेक्षित आहे.

तोपर्यंत कागदच खरा. माझ्या स्वतःच्या गुडघ्याच्या एमआरआयची सीडी मी मोठ्या विश्वासाने सीमेपलीकडे नेली आणि तिथल्या संगणकात ती उघडलीच नाही. तपासणी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून छापील अहवाल, प्रतिमांची पेन ड्राइव्हवरील प्रत आणि फोनमध्ये तिसरी प्रत, असे तिन्ही मी सोबत ठेवतो. आपल्या नोंदींची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी कोणाचे आर्जव करावे लागत नाही.

परतल्यावर टाके काढणे, व्यायाम, पुढील तपासण्या कोण करणार?

निर्देशानुसार, उपचार स्वदेशात झाले असते तर जो पाठपुरावा मिळाला असता तोच मिळायला हवा. प्रत्यक्षात स्थानिक डॉक्टर दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला नाखूश असतात, विशेषतः कोणते रोपण बसवले आहे याची माहिती नसेल तर. म्हणून जाण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून परतल्यानंतरच्या पहिल्या भेटीची तारीख ठरवावी आणि येताना रोपणाचा अनुक्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. जर्मनीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसन केंद्रात काही आठवडे राहण्याची सोय रुग्णालयच लावून देते. परदेशात शस्त्रक्रिया केलेल्याला तो अर्ज स्वतः, आणि वेळेत, करावा लागतो.

उपचारांत चूक झाली, तर दाद कुठे मागायची?

जिथे उपचार झाले त्या देशात, आणि तिथल्याच कायद्याने. प्रत्येक देशात सीमापार उपचारांची माहिती देणारे राष्ट्रीय संपर्क केंद्र असते, ते तक्रारीची पद्धत सांगते.

दुर्मीळ आजारासाठी रुग्णानेच प्रवास करायला हवा का?

प्रत्येक वेळी नाही. २०१७ मध्ये युरोपातील विशेषज्ञ रुग्णालयांची २४ जाळी सुरू झाली. आपले डॉक्टर रुग्णाची प्रकरणपत्रिका तिथल्या तज्ज्ञांपुढे मांडू शकतात. रुग्ण घरी राहतो आणि सल्ला प्रवास करतो.

सुट्टीत भारतात जाऊन उपचार घेतले, तर परतावा मिळेल का?

जर्मन सरकारी विम्याकडून सर्वसाधारणपणे मिळत नाही. वर सांगितलेले दोन्ही मार्ग युरोपच्या चौकटीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात केलेले रूट कॅनॉल किंवा ठाण्यात केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया स्वतःच्या खर्चानेच होते. तरीही लोक ती करतात, कारण डॉक्टर ओळखीचे असतात, वेळ लगेच मिळते आणि घरी वरणभात करून घालणारे माणूस असते. परदेश प्रवासाचा स्वस्त आरोग्य विमा भारतातील आकस्मिक आजारपणासाठी जरूर घ्यावा, पण ठरवून घेतलेले उपचार त्यात बसत नाहीत.

उलट दिशेने, भेटीला आलेल्या आई-वडिलांना युरोपीय कार्डाचे कोणतेही संरक्षण नसते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. तो आकस्मिक आजार, रुग्णालय आणि मायदेशी नेण्याचा खर्च यांसाठी असतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीचे आजार अनेक पॉलिसींत वगळलेले असतात, आणि सत्तरीच्या माणसाला परदेशात जे होते ते बहुधा त्यांतूनच उद्भवते. पॉलिसी घेताना किमतीआधी वगळलेल्या आजारांचे कलम वाचावे.

अर्जाची सुरुवात कुठून करावी?

आपल्या विमा संस्थेला, जर्मनीत जिला ‘क्रांकनकासे’ म्हणतात, तिला लेखी विचारून. दूरध्वनीवरील आश्वासन परताव्याच्या वेळी सिद्ध करता येत नाही. पत्रात उपचाराचे नाव, रुग्णालय, अंदाजे तारीख, खर्चाचे लेखी अंदाजपत्रक आणि आपल्या डॉक्टरांचे शिफारसपत्र जोडावे; देशात किती दिवस थांबावे लागेल असे सांगितले आहे आणि त्या काळात प्रकृतीवर काय परिणाम होईल, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. परवानगी लागते का, कोणत्या मार्गाने, परतावा जास्तीत जास्त किती आणि तो किती दिवसांत, हे चार प्रश्न त्याच पत्रात विचारावेत. नकार आल्यास तो कारणांसह लेखी मागावा आणि त्यावर आक्षेप घेण्याची मुदत पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते, ती त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.